मुरमाड रान आणि मार्चपर्यंतचं पाणी: पहिली फळबाग लावताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात दोन एकर मुरमाड रान. विहिरीला मार्चअखेरपर्यंत पाणी, पुढे पावसाळ्यापर्यंत कोरड. शेततळं नाही, पण काढायची तयारी आहे. रानात वडील, मुलगा पुण्याला नोकरीत, पंधरवड्यातून एकदा गावाकडे. डाळिंब लावावं की मोसंबी, आणि सुरुवात कुठून करावी?

उत्तर आधी देतो, कारणं मागून. मोसंबी नको. डाळिंब सध्या नको. दीड एकर सीताफळ आणि विहिरीजवळच्या अर्ध्या एकरात पेरू लावा. तेही येत्या जूनमध्ये. आज फेब्रुवारी आहे, हातात चार महिने आहेत आणि ते रोपं आणण्यासाठी नाहीत.

फळबाग ठरवताना लोक बाजारापासून सुरुवात करतात. यंदा कशाला भाव आहे, शेजाऱ्याने काय लावलंय, कुठल्या व्हिडिओत किती लाखांचं उत्पन्न सांगितलंय. पण झाड बाजारात उभं राहत नाही, तुमच्या रानात उभं राहतं, आणि तिथे त्याची परीक्षा मे महिन्यात होते. म्हणून हिशेब मे महिन्यापासून मागे करत यायचा.

हा हिशेब सोपा आहे, कागदावर करून बघा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. तुमच्या भागात मे महिन्यात दिवसाला साधारण १० मिलिमीटर बाष्पीभवन धरा. पूर्ण वाढलेल्या डाळिंबाच्या झाडाचा घेर (म्हणजे आडवा व्यास) अडीच मीटर धरला तर त्याची सावली जवळपास ५ चौरस मीटर. ५ गुणिले १० म्हणजे ५० लिटर. झाडाला त्यातलं सुमारे ७० टक्के लागतं असं धरलं तर दिवसाला ३५ लिटर. साडेचार बाय तीन मीटरवर डाळिंब एकरी ३०० झाडं बसतं. दोन एकरांत ६०० झाडं, म्हणजे रोज २१ हजार लिटर, आणि एप्रिल-मे मिळून जवळपास पावणेतेरा लाख लिटर.

शेततळं काढू म्हणाल, तर त्याचंही गणित घ्या. वर ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर आणि बाजूंचा उतार एकास एक ठेवला तर तळाशी २४ बाय २४ मीटर उरतात. त्यात साधारण २२ लाख लिटर पाणी मावतं. ऐकायला भरपूर वाटतं. पण उघड्या पाण्यातून उन्हाळ्यात रोज ८-१० मिलिमीटर उडून जातं. मार्च ते मे एवढ्या तीन महिन्यांत सहा-सात लाख लिटर नुसते हवेत. त्यात तळं भरण्याइतकं पाणी विहिरीला आणि ओढ्याला पावसाळ्यात असलं पाहिजे, प्लॅस्टिकचा कागद उंदरांनी कुरतडता कामा नये, आणि एक पावसाळा कोरडा गेला तर तळंही कोरडंच. डाळिंब जमत नाही असं मी म्हणत नाही. सांगोला-आटपाडीच्या लोकांनी याहून कठीण रानात ते करून दाखवलंय. पण तेल्या (पानाफळांवर तेलकट डाग) आणि मर (झाड वाळून जाणं) या दोन रोगांमुळे डाळिंबाला रोज बागेत हिंडणारा माणूस लागतो. डाग पहिल्या पानावर दिसला तेव्हा हालचाल करायची असते, पंधरा दिवसांनी नाही. वडील रानात आहेत ही जमेची बाजू खरी. तरी पहिलीच बाग डाळिंबाची करून त्यांच्या खांद्यावर पंप देऊ नका.

आता सीताफळ का, तर ते उन्हाळ्यात पानं गाळून झोपतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होते आणि मोठं झाड पावसाळ्याच्या तोंडापर्यंत जवळजवळ पाण्याशिवाय थांबतं. तुमची विहीर ज्या महिन्यांत आटते, नेमक्या त्याच महिन्यांत झाडाची मागणी शून्याकडे जाते. पेरूचंही मृग बहरात असंच जमवता येतं. एप्रिल-मे पाणी तोडून ताण द्यायचा, जूनमध्ये पावसावर फूट आणि फूल, आणि नोव्हेंबर ते जानेवारीत फळ, तेव्हा विहिरीला पाणी असतं. मोसंबी वर्षभर हिरवी राहते. तिला मे महिन्यातही प्यायला लागतं आणि चुनखडीच्या रानाशी तिचं मुळीच पटत नाही. दोन्हीकडून तुमचं रान तिच्या विरोधात आहे.

रानाचं बोललो तर तिकडेच वळू. मुरमाड म्हणजे काय हे मला इथे बसून कळणार नाही, तुम्हालाही वरून पाहून कळणार नाही. दोन एकरांत तीन ठिकाणी तीन फूट खोल खड्डा घ्या आणि त्याच्या भिंतीकडे नीट बघा. वर किती माती आहे, मुरूम कुठे लागतो, तो मऊ आहे की पहारीला ठिणगी उडवणारा, मध्ये पांढऱ्या गाठी किंवा पांढरा थर आहे का. त्या पांढऱ्या थरावर लिंबू पिळा. फसफसलं तर चुनखडी आहे. मग खड्डा पाण्याने भरा, जिरू द्या, दुसऱ्या दिवशी परत भरा आणि बघा. मुरमात दुसऱ्यांदा भरलेलं पाणीही काही तासांत गेलं पाहिजे. दुसऱ्या सकाळी तळाला डबकं दिसलं तर खाली कठीण थर आहे, आणि तिथे मुळं पावसाळ्यात कुजतील.

माती तपासायला देताना फळझाडासाठी वरची अर्धा फूट माती चालत नाही. खड्ड्याच्या भिंतीवरून पहिला फूट, दुसरा फूट आणि तिसरा फूट असे तीन वेगळे नमुने घ्या, पिशवीवर खूण करा. अहवालात नत्र-स्फुरद-पालाश सगळेच बघतात. ते नंतरही देता येतं. तुम्ही आधी तीन आकडे बघा: सामू (पीएच), क्षारता आणि मुक्त चुना. सामू साडेसहा ते साडेसात उत्तम, आठपर्यंत निभावतं. मुक्त चुना १० टक्क्यांच्या वर असेल तर लिंबूवर्गीय झाडांचा विचारच सोडायचा. चुना जमिनीतलं लोह बांधून ठेवतो. झाडाची नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे चित्र लक्षात ठेवा, कारण दुकानदार अशा झाडाला हमखास युरिया देतो. नत्र कमी पडलं तर पिवळेपणा जुन्या, खालच्या पानांवर सुरू होतो आणि सगळं पान पिवळं होतं. लोह कमी पडलं तर शेंड्याकडच्या कोवळ्या पानांवर. कुठलं पान पिवळं आहे एवढं नीट पाहिलं तरी निम्मा खर्च वाचतो.

खड्डे एप्रिलमध्ये घ्या. दोन फूट लांब, रुंद, खोल. मुरूम कठीण असेल तर अडीच फूट. पाच बाय पाच मीटरवर एकरी १६० झाडं, म्हणजे तुम्हाला ३२० खड्डे. सीताफळ चार बाय चारवरही लावतात, पण हलक्या रानात मुळांना जागा लागते, घाई नको. वरची माती एका बाजूला, खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला टाका आणि खड्डे मे महिनाभर उन्हात तापू द्या. भरताना तळाला पालापाचोळा, मग वरची माती, बाहेरून आणलेली पोयट्याची माती, २० ते २५ किलो चांगलं कुजलेलं शेणखत, एक ते दीड किलो सिंगल सुपर फॉस्फेट, आणि शेणखतात मुरवलेली ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी. शेणखत खरंच कुजलेलं हवं. हातात घेतल्यावर गरम लागत असेल किंवा शेणाचा वास येत असेल तर ते हुमणी आणि वाळवीला आमंत्रण आहे. खड्डा जमिनीच्या वर चार-पाच इंच भरून ठेवा, पहिल्या पावसात तो दबतो.

एक इशारा, तुमच्यासाठी नाही पण हे वाचणाऱ्या काळ्या रानवाल्यांसाठी. भारी जमिनीत असे खड्डे घेऊ नका. आजूबाजूची चिकण माती पाणी जाऊ देत नाही आणि सैल भरलेल्या खड्ड्यात सगळ्या शेताचं पाणी गोळा होतं. तिथे एक-दीड फूट उंचीचे गादीवाफे करून त्यावर लावायचं. मुरमाडवाल्याचं पाहून काळ्या रानात खड्डे घेतलेल्या बागा पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात पिवळ्या पडलेल्या मी बऱ्याच पाहिल्या.

आता रोपं. सीताफळ बियांपासूनही उगवतं आणि रोप स्वस्त मिळतं, पण बियांच्या प्रत्येक झाडाचं फळ वेगळं निघतं. एकाचं मोठं, एकाचं किडकं, एकात नुसत्या बिया. बाजारात माल एकसारखा लागतो, म्हणून कलमच घ्या. कलमाला फळ लवकर येतं याचं कारणही समजून घ्या. डोळकाडी, म्हणजे खालच्या रोपावर (खुंटावर) जोडलेली काडी, फळावर आलेल्या मोठ्या झाडाची असते, तिचं वय झालेलं असतं. खुंट कोवळा असला तरी वरची काडी बालपण ओलांडून आलेली असते. म्हणूनच खुंटावरून, म्हणजे जोडाच्या खालून फुटलेला प्रत्येक कोंब काढायचा. तो जोमदार असतो, लोकांना वाटतं झाड छान फुटलंय, आणि दोन वर्षांत कलम मरून खुंटाचं रानटी झाड उरतं.

रोपवाटिकेत गेल्यावर उंच, हिरवंगार रोप निवडू नका. तिथे सावलीच्या जाळीखाली आणि युरियावर वाढलेली उंची तुमच्या रानातल्या पहिल्या उन्हात करपते. पेन्सिलीएवढ्या जाडीचं खोड, जोड पूर्ण भरलेला, हलकेच वाकवून पाहिला तरी न उकलणारा, दोन-अडीच फूट उंची. पट्टी जोडात रुतलेली नको. मग एक गोष्ट करा जी फार कमी गिऱ्हाईकं करतात: मालकाला विचारून एक पिशवी फाडून बघा, त्या रोपाचे पैसे द्या. मुळं पिशवीच्या तळाशी गोल गोल गुंडाळलेली असतील तर ते रोप पिशवीत म्हातारं झालंय. ती मुळं जमिनीत गेल्यावरही गोलच फिरतात. पेरूच्या मुळांवर बारीक गाठी दिसल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारा बारीक जंत आहे. त्या रोपवाटिकेतून एकही रोप घेऊ नका. एकदा रानात आला की तो जात नाही. परवानाधारक किंवा विद्यापीठाची रोपवाटिका पाहा, पावती घ्या, पावतीवर जात लिहून घ्या.

जातींबद्दल फार लांबवत नाही. सीताफळात बाळानगर लवकर येतं, चवीला उत्तम, पण पिकल्यावर दोन-तीन दिवसांत संपतं. बार्शीकडून पसरलेलं गोल्डन उशिरा येतं, टिकतं जास्त, दूरच्या बाजाराला बरं. मी दोन्ही निम्मी-निम्मी लावीन, म्हणजे तोडणी लांबते आणि वडिलांवर एकदम ताण येत नाही. पेरूत सरदार घ्या, ज्याला लखनौ ४९ म्हणतात. नाव लखनौचं असलं तरी निवड झाली पुण्याच्या गणेशखिंड बागेत, १९२७ साली, फळशास्त्रज्ञ डॉ. चीमा यांच्या हातून. गणेश डाळिंबही तिथलंच. मोठ्या फळांचे परदेशी पेरू सध्या जोरात आहेत, पण त्यांना फळाला पिशवी, फोम, विरळणी असं मजुरीचं काम फार.

लागवड जूनच्या दोन-तीन चांगल्या पावसांनंतर करा. पहिल्या सरीला नाही. संध्याकाळी लावा. पिशवी ब्लेडने उभी कापा, मातीचा गड्डा फुटू देऊ नका, आणि कलमाचा जोड जमिनीच्या वर किमान अर्धा फूट ठेवा. रोप पिशवीत जितकं खोल होतं तितकंच खोल लावा. बाजूला बांबूची काठी, सैल बांधणी. काठी वाऱ्याच्या बाजूला. पश्चिम आणि दक्षिण बांधावर शेवरीच्या दोन ओळी त्याच वेळी टोकून द्या. मे महिन्यातला गरम वारा मोकळ्या माळावर रोपाला पाण्याअभावी मरण्याआधीच सुकवतो.

पहिले दोन उन्हाळे सीताफळाच्या रोपालाही पाणी लागतं, झोपेचं कौतुक मोठ्या झाडाचं. एक मीटर घेराच्या रोपाला मे महिन्यात दिवसाला पाच-साडेपाच लिटर. ३२० झाडांना रोज १७००-१८०० लिटर, महिन्याला १० हजार लिटरचे पाच-सहा टँकर. हा खर्च आजच धरून ठेवा. बुंध्याभोवती उसाचं पाचट किंवा गवताचं चार-पाच इंच आच्छादन टाकलं तर बराच ओलावा टिकतो. आच्छादन खोडाला चिकटू देऊ नका, अर्धा फूट जागा मोकळी सोडा, नाहीतर वाळवी आणि कूज. ठिबकचा ड्रीपरही दरवर्षी बुंध्यापासून बाहेर सरकवायचा. मुळं पाणी शोधत जातात, आणि ड्रीपर कायम खोडाशी ठेवला तर ती खोडाशीच राहतात. मग वादळात झाड मुळासकट कलंडतं. तसंही झाड जेवतं ते सावलीच्या कडेला, बुंध्यापाशी नाही. खतही तिथेच द्या.

छाटणीचा नियम एकच: आधी हे झाड फळ कशावर धरतं ते पाहा, मग कात्री उचला. पेरू नव्या फुटीवर, पानांच्या बेचक्यात फुलतो, म्हणून तो छाटला की फळतो. आंबा पक्व काडीच्या टोकाला मोहोरतो, तो उशिरा छाटला की त्या वर्षी गप्प बसतो. द्राक्षाला आपल्याकडे दोन छाटण्या आहेत, एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची गोडी, कारण एप्रिलनंतर वाढलेल्या काडीत घड तयार होतो आणि ऑक्टोबरमध्ये तो बाहेर काढतात. तुमच्या सीताफळाला जानेवारी-फेब्रुवारीत हलकी छाटणी पुरे: वाळलेल्या, एकमेकांवर घासणाऱ्या, आत घुसलेल्या फांद्या. पेरूचा शेंडा दोन-अडीच फुटांवर खुडा आणि चार दिशांना चार फांद्या ठेवा, त्याही खोडावर वेगवेगळ्या उंचीवर. एकाच ठिकाणाहून फुटलेल्या फांद्या फळाच्या वजनाने खोड चिरतात. पहिली दोन वर्षं आलेली फुलं काढून टाका. वडिलांना हे पटणार नाही, पोराटोरांनाही नाही. तरी काढा.

छाटलेल्या जागी आणि खोडावर बोर्डो पेस्ट: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या बादल्यांत भिजवायचे आणि मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ओतत ढवळायचं. झाल्यावर स्वच्छ विळ्याचं पातं त्यात थोडा वेळ बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळं आहे, सालीला चटका देईल. अजून चुन्याची निवळी घाला, परत बुडवून बघा. पातं स्वच्छ निघालं की लावायला घ्या. त्याच दिवशी संपवा, उद्यासाठी ठेवू नका.

चौथ्या वर्षी तुम्ही विचाराल की सीताफळाला फूल एवढं येतं आणि फळ एवढं कमी का. आत्ताच सांगून ठेवतो. सीताफळाचं फूल आधी मादी असतं आणि नंतर नर. पाकळ्या जराशा विलगतात तेव्हा आतलं स्त्रीकेसर ओलसर, चिकट असतं. तेव्हा त्याच फुलाचे पराग तयार नसतात. पाकळ्या पूर्ण उघडून पराग मोकळे होतात तोवर स्त्रीकेसर वाळलेलं असतं. मधल्या काळात पराग वाहून नेतात ते बारीक भुंगेरे, आणि त्यांना दमट, सावलीची, पालापाचोळ्याची जागा लागते. म्हणून सीताफळाच्या बागेत जमीन आरशासारखी स्वच्छ ठेवू नका. फुलोऱ्याच्या दिवसांत कीटकनाशक मारू नका. वेळ असेल तर सकाळी लवकर पूर्ण उघडलेल्या फुलांचे पराग मऊ कुंचल्यावर घेऊन अर्धवट उघडलेल्या फुलांत फिरवा. अशी फळं अंगाने गोल, सगळ्या बाजूंनी भरलेली होतात. अर्धवट परागीभवन झालेलं फळ एका बाजूने चेपलेलं राहतं.

फळ धरल्यावर पिठ्या ढेकूण, ही पांढरी रस शोषणारी कीड, येणारच. त्याला अंगाखांद्यावर घेऊन वर चढवतात मुंग्या, म्हणून खोडावर चिकट पट्टी बांधा आणि जमिनीला टेकणाऱ्या फांद्या काढा. तोडणी डोळे उघडल्यावर, म्हणजे फळाच्या खवल्यांमधली फट रुंदावून पिवळसर दिसू लागल्यावर.

पहिली तीन वर्षं ओळींमधली जागा रिकामी ठेवू नका. मूग, उडीद, मटकी, पाणी असेल तिथे हरभरा. पेरूच्या बाजूला टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी अजिबात नको, सूत्रकृमीचं ते आवडतं खाणं. त्याऐवजी झेंडूची एक ओळ चालेल, दसऱ्याला पैसेही होतात.

अनुदानाचं विचारलं नाहीत, तरी सांगतो. रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आपल्याकडे १९९० पासून आहे, आणि तिथे न बसणाऱ्यांसाठी २०१८ पासून भाऊसाहेब फुंडकर योजना. अर्ज आणि मंजुरी आधी, लागवड नंतर. रोपं लावून मग अर्ज केला तर काही मिळत नाही. पैसे तीन वर्षांत हप्त्याने येतात आणि झाडं किती जगली ते पाहून, त्यामुळे सुरुवातीचा खर्च खिशातून होणार असं धरा. नेमकी टक्केवारी आणि यंदाचे नियम तुमच्या तालुका कृषी कार्यालयातून घ्या, ते बदलत राहतात.

मातीचा अहवाल आला की तिसऱ्या फुटाचा मुक्त चुन्याचा आकडा कळवा. तो १० च्या बराच वर निघाला तर पेरूचा अर्धा एकर बोराला देऊ. उमराण बोराची छाटणी एप्रिलमध्ये होते, तेही उन्हाळ्यात पाणी मागत नाही, आणि चुनखडीचं त्याला फारसं काही वाटत नाही. सीताफळाचे खड्डे मात्र त्यासाठी थांबवू नका. खोदणाऱ्यांशी आत्ताच बोलून ठेवा, एप्रिलमध्ये माणसं मिळत नाहीत.